डाव्या पायाची फिर्याद

कसबा पेठ, पुणे
रविवार, ६ ऑक्टोबर १९६८

चि. कु. उल्का हीस,

अनेक आशीर्वाद, आणि प्रभूच्या नावात सलाम. दोन्ही लिहिले आहेत. आपल्या आजोबांनी धर्म बदलला, पण पत्राचा मायना बदलायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. एकेचाळीस वर्षांच्या बाईला 'कुमारी' लिहिताना लेखणी जरा अडखळते, पण वस्तुस्थितीपुढे माझा इलाज नाही.

पत्रास कारण की, माझ्या डाव्या चपलेने माझा त्याग केला आहे.

हसू नकोस. फिर्याद गंभीर आहे. आज उपासना आटोपून घरी आलो. उजवी चप्पल पतिव्रतेसारखी दारापर्यंत आली. डावी वाटेतच कुठेतरी राहिली. दार उघडून श्यामला म्हणाली, "अहो, एक पाय अनवाणी का?" मी खाली पाहिलं. खरंच अनवाणी होता. थोड्या वेळाने चौकात जोडे दुरुस्त करणारा संपत चप्पल घेऊन वर आला. "गुरुजी, किती हाका मारल्या! तुम्ही आपले श्लोक पुटपुटत चाललेले. म्हटलं, चप्पल दान केली की काय." म्हणजे चौकापासून घरापर्यंत मी एका चपलेवर आलो. ज्या वस्तूचं नावच पादत्राण, तिने पाय असा वाऱ्यावर सोडावा, ही कृतघ्नता कोणत्या शास्त्रात बसते ते मला अजून सापडलेलं नाही.

तू म्हणशील, अकरा वर्षांनी दादाचं पत्र, आणि ते चपलेबद्दल! पण आपल्या चर्चचे पाळक, अनंतराव, गेल्या महिन्यात वऱ्हाडात येऊन गेले. त्यांनी सांगितलं, की महारोग्यांच्या त्या दवाखान्यात तू आता नर्स आहेसच, शिवाय रोग्यांसाठी चपला शिवण्याचा विभागही चालवतेस. मॅट्रिकला संस्कृतात पहिली आलेली, माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी चपला शिवते, हे मी शांतपणे ऐकून घेतलं. आजोबांनी धर्म सोडला होता, सोवळं नव्हे. ते माझ्यापर्यंत व्यवस्थित पोचलेलं आहे.

तेव्हा तज्ज्ञ म्हणून तुला विचारतो. चपला अशा आपोआप गळतात का? प्रश्न साधा आहे. उत्तराची घाई नाही. परतीच्या टपालाने आलं तरी चालेल.

तुझा,
दीनानाथदादा

\*

कसबा पेठ, पुणे
२० ऑक्टोबर १९६८

चि. उल्का,

तुझं उत्तर नवव्या दिवशी आलं. वहिनीची चौकशी दोन ओळी, पुण्याची चौकशी एक ओळ, आणि मग एकदम: "दादा, चप्पल पायातून निघते तेव्हा तुला कळतं का? डाव्या पायावर कुठे फिकट चट्टा आहे का?" पुढे पुन्हा तेच, खाली रेघ मारून.

बाई, तू उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासारखी लिहितेस. माणूस चालताना विचारात असतो. संस्कृतचा मास्तर तर असतोच असतो. पट्टा सैल झाला होता, संपतने दोन टाके घातले, प्रकरण मिटलं.

तुझ्या बाकीच्या पत्राने मात्र मला अस्वस्थ केलं. मी अकरा वर्षं मनात तुझं एक चित्र धरून होतो. डोळे खोल गेलेली, हात घाणीत, सकाळ-संध्याकाळ रडून प्रार्थना करणारी. तू लिहितेस, तुझं वजन वाढलंय, तुझ्या सहा कोंबड्या आहेत, आणि दर गुरुवारी तुम्ही रोग्यांबरोबर पेटीवर गाणी म्हणता. "दादा, एखाद्याच्या पायाला चप्पल नीट बसली आणि तो अंगणात दोन फेऱ्या मारून आला, की मला खुदकन हसू येतं. एवढ्यासाठी कुणी पगार देतं याचं नवल वाटतं." हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. त्याग केलेल्या माणसाने इतकं मजेत असू नये. मागे राहिलेल्यांना ते फार अवघड जातं.

तुला आठवतं, तू जायला निघालीस तेव्हा म्हणाली होतीस, "मला पाचारण झालंय." मी म्हणालो होतो, पाचारण कॉलेजातूनही होतं, पगारासकट आणि सुट्ट्यांसकट. माझ्या मते ते वाक्य चांगलं होतं. श्यामलासुद्धा हसली होती. तू हसली नव्हतीस.

तू मागितलास म्हणून डाव्या पायाचा ठसा सोबत पाठवतो. तिमाही परीक्षेच्या कोऱ्या कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवली. पायाचा आकार पाहून हुरळून जाऊ नकोस. पाऊल घराण्याचं आहे.

दीनानाथदादा

ता.क. टाचेवरून पट्टा असलेली करता येईल का? म्हणजे गळणार नाही.

\*

कसबा पेठ, पुणे
३ नोव्हेंबर १९६८

चि. उल्का,

तार कशाला केलीस? आपल्या वाड्यात तार आली की आधी शेजारणी रडायला लागतात आणि मग कोण गेलं ते विचारतात. तारेत मजकूर काय, तर "कागदावर रक्त. पाय दाखव." तळमजल्यावरच्या काकू अजून माझ्याकडे कसल्याशा नजरेने बघतात.

मग तुझं पत्र आलं. ठशाच्या आत, टाचेच्या जागी, वाळलेल्या रक्ताचा आठ आण्याएवढा डाग होता म्हणतेस. मी कागद घडी घालून पाकिटात टाकला तेव्हा पाहिला नाही. पाऊलही उलटं करून पाहिलं नाही. आपण आपली पावलं वारंवार उलटी करून पाहत नाही, हा काही गुन्हा नव्हे.

पण तुझ्यापुढे खोटं बोलणं कठीण, म्हणून झालं ते लिहितो. तुझं पत्र वाचून चप्पल संपतकडे नेली. त्याने आत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. "गुरुजी, खिळा वर आलाय की! चांगला नखाएवढा. कधीपासून घालताय?"

"रोजच घालतो."

"रोज?" तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. खिळा ठोकून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि चप्पल हातात द्यायच्या ऐवजी जमिनीवर ठेवली.

ती जमिनीवर ठेवणं मला अजून दिसतं.

तू लिहितेस ते मी तीनदा वाचलं. "हा रोग शाप नाही. औषध आहे, गोळ्या आहेत, बरा होतो. माझ्यामुळे झाला असं वहिनीच्या मनात येऊ देऊ नकोस, मी घरी येऊन अकरा वर्षं झाली. वेळेवर आलास तर बोटं शाबूत राहतील. उशीर केलास तर मग मला तुझ्यासाठी फक्त चपला शिवता येतील." शेवटचं वाक्य तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं का तुझं आहे? तुझं असेल तर शिकवणी वाया गेली नाही. एवढ्या कमी शब्दांत इतकं भिववणं मला जमलं नसतं.

तरीही तुला रोग कळला कसा, एका डागावरून? पायाला घट्टे असतात. पन्नाशीला आलेल्या माणसाचं कातडं जाड होतं. मी कात्रजचा घाट चालून गेलेला माणूस आहे.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारबद्दल तू एक अक्षर लिहीत नाहीस, हे मात्र माझ्या लक्षात आलंय. मीच लिहितो, म्हणजे ते एकदा कागदावर येईल. तू पहिल्या रजेवर घरी आली होतीस. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन. आपल्याकडे द्राक्षारसाचा एकच पेला बाकावरून हातोहात फिरतो, तो तुझ्याकडून माझ्याकडे आला. मी खिशातला रुमाल काढला, तुझे ओठ लागले होते तिथे कड पुसली, पेला फिरवून दुसरीकडून प्यालो. सगळ्या मंडळीने पाहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी मला मंडळीच्या कारभारात वडील म्हणून निवडून दिलं आणि पेला वाहून नेण्याचं काम माझ्याकडे आलं. तू त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने गेलीस.

तो रुमाल मी पुन्हा वापरला नाही. हे सांगून काही उपयोग नाही, पण सांगतो.

दीनानाथ

\*

कसबा पेठ, पुणे
१७ नोव्हेंबर १९६८

चि. उल्का,

पार्सल पोचलं. चपला सुरेख आहेत. तळ मऊ, टाचेवर पट्टा, खिळा एकही नाही. एक दिवस घालून शाळेत गेलो. शिक्षकांच्या खोलीत ड्रॉइंगचे जयसिंग सर म्हणाले, "काय गुरुजी, या वयात मुंबई फॅशन?" मी म्हणालो, बहिणीने शिवली. ते म्हणाले, "बहीण काय करते?" मी म्हणालो, चपला शिवते. इतकं खरं उत्तर मी आयुष्यात क्वचित दिलं असेल. पण दुसऱ्या दिवसापासून जुनी चप्पल घालतो आहे. कारण विचारू नकोस. अशा चपला पुण्यात कोण घालतं हे एखाद्याला तरी माहीत असणारच.

आता तुझ्या पत्रातल्या त्या घंटेबद्दल. संध्याकाळी पाच वाजता तुमच्याकडे घंटा होते आणि सगळ्यांना हातातली हत्यारं खाली ठेवावी लागतात. मलमपट्टी अर्धी असेल तर पाळीवरची नर्स पुरी करते, चप्पल अर्धी असेल तर ती उद्या. रविवारी कोंबड्यांखेरीज काम नाही. तू पहिलं वर्षभर ऐकलं नाहीस, घंटेनंतरही शिवत बसायचीस, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उल्काताई, जगाचा तारणारा आधीच येऊन गेलाय. ती जागा रिकामी नाही." मी हे वाक्य अनंतरावांना ऐकवलं. ते हसले आणि मग विचारात पडले. त्यांना सगळ्या आठवड्यात एकही सुट्टी नसते.

आणि मला? सकाळी दोन शिकवण्या, मग शाळा, संध्याकाळी आणखी एक शिकवणी, शनिवारी मंडळीची बैठक, रविवारी दोन उपासना. मी थकव्याला सेवा समजत आलो. शाळेला मात्र कधी पाचारण म्हटलं नाही. ती नोकरी. पाचारण तुझ्यासारख्यांना होतं, आम्हाला हजेरीपट असतो.

पण परवा एक गोष्ट झाली. आठवीचा मुलींचा वर्ग, सकाळचे पावणेअकरा. फळ्यावर लिहीत होतो. खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा पहिल्या बाकावरची तुळजा खोपडे म्हणाली, "सर, खडूला सुट्टी हवीय!" वर्ग हसला. मीही हसलो. खडू डाव्या हातात धरला आणि ओळ पुरी केली. सगळ्या जणींनी ती एका सुरात म्हटली. चाळीस मुलींच्या तोंडून स्वच्छ, ठाम संस्कृत. आणि माझ्या लक्षात आलं, की एकवीस वर्षं रोज या वेळेला मी सुखी असतो. रोज. कुणी पाचारण केल्याशिवाय माणूस एकवीस वर्षं असा रोज सुखी होत नसावा. हे मला कळलं ते त्या दिवशी, हातातून खडू पडल्यावर. वेळेचा अंदाज आपल्या घराण्यात आधीपासूनच कच्चा.

उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट थोडं आखडतं. पेरू चिरताना विळी लागली होती, त्याचं असेल.

ता. १ डिसेंबरला प्रभुभोजन आहे. पेला मीच नेतो, नेहमीप्रमाणे.

दीनानाथ

ता.क. गेल्या आठवड्यात श्यामलाने विचारलं, विळी लागली तेव्हा ओरडलात का नाहीत. मी म्हणालो, सवयीने.

\*

कसबा पेठ, पुणे
२ डिसेंबर १९६८

प्रिय उल्का,

माझ्या पाठीमागे माझ्या बायकोशी पत्रव्यवहार करणं सभ्यपणाचं नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. मग पुढचं.

शनिवारी मी अनंतरावांकडे गेलो आणि म्हणालो, उद्या पेला दुसऱ्या कुणाकडे द्या.

"कारण?"

"खोकला आहे."

"दहा मिनिटं झाली तुम्ही बसलाय, दीनानाथराव. खोकला कुठे गेलाय?"

मी खाकरून पाहिलं. ते म्हणाले, "बरं. दत्तोबा नेतील." आणि मी उठलो तेव्हा त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि जरा जास्त वेळ धरला. त्यांना कळलंय का, हे मला कळलं नाही. मला हल्ली बरंच काही कळत नाही.

काल मी मागच्या बाकावर बसलो, श्यामलाच्या पलीकडे, बाकाच्या टोकाला. पेला आला. श्यामला प्याली, तिने माझ्याकडे दिला. मी तो दोन्ही हातांनी धरला, कारण एका हातावर माझा विश्वास उरलेला नाही. आणि ओठांना न लावता पुढच्या बाकावर सरकवला. खाली मान घालून. मला वाटलं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर श्यामलाने लुगड्याचा पदर खोचला, चहा ठेवला नाही, आणि म्हणाली, "अकरा वर्षांपूर्वी बहिणीच्या हातून घेताना पुसलात. आज माझ्या हातून घेऊन प्यालाच नाहीत. आता मला सांगा, कुणाला वाचवताय?"

मी म्हणालो, "घसा."

"अहो, पुरे झालं." तिने तुझं पत्र काढलं. तू तिला काय काय लिहिलंस ते मला तेव्हा कळलं. तिने खिडकीशी खुर्ची ठेवली, मला बसवलं, डावा पाय स्टुलावर घेतला. तिच्या हातात कोंबडीचं पीस होतं. तूच पाठवलेलं, पत्रातून. तुझ्याच कोंबडीचं असणार.

"डोळे मिटा. लागलं की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. बाहेर रस्त्यावर कुणी भांडी घासत होतं, तो आवाज येत होता. मी वाट पाहत होतो. बराच वेळ झाला. बायका कुठल्याही गोष्टीची तयारी फार करतात. शेवटी मी म्हणालो, "अगं, कर की सुरुवात."

मी डोळे उघडले. ती पीस हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"सात वेळा झालं," ती म्हणाली.

मग हाताचं. तिथे दोनदा कळलं, तीनदा नाही. पोटरीच्या मागे, जिथे माणूस स्वतःला कधीच पाहत नाही, तिथे तळहाताएवढा फिकट चट्टा आहे म्हणाली. कधीपासून आहे कुणास ठाऊक. ती रडली नाही. तिने पाऊल मांडीवर घेतलं आणि टाचेची खिळ्याची जखम धुतली. तू लिहिलं होतंस तसंच, उकळून निववलेल्या पाण्याने, आणि तू पाठवलेली चप्पल स्वतःच्या हातांनी माझ्या पायात घातली. टाचेचा पट्टा लावला. बाविशीत लग्न करून आलेली ही बाई, आपल्या नवऱ्याच्या पायाला तिने याआधी कधी हात लावला नव्हता. आम्ही ख्रिस्ती, नमस्कार करत नाही.

आम्ही शुक्रवारच्या गाडीने निघतो. रविवारी सकाळी पोचू. रविवार आहे, तुमचं काम बंद असेल, हे ठाऊक आहे. सोमवारी तपास. घाई करू नकोस, कोंबड्यांना वेळ दे. मुख्याध्यापकांना मी पंधरा दिवसांची रजा मागितली आहे, कारण लिहिलं आहे 'बहिणीकडे जाणे आहे'. खरंच आहे ते. आठवीच्या वर्गाला सांगितलं, परत येईन तेव्हा धडा पाठ हवा. तुळजा म्हणाली, "सर, खडूसुद्धा न्या बरोबर, हवापालट होईल." मी खिशात एक टाकला आहे.

तू लिहितेस, गोळ्या घेत माणूस बरा होतो, कामावर जातो, पेल्यातून कुणाला काही होत नाही, तू स्वतः रोग्यांच्या बरोबर एकाच पेल्यातून बारा वर्षं पितेस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. संपूर्ण आहे. पाय गेला तर चपला आहेत, हे तू सांगितलंच आहेस. शाळा गेली तर तो दिवस मी कसा काढीन ते मला माहीत नाही, पण तेही तू मला शिकवशील, मी तुला रूपं शिकवली तशी.

एवढं विनोदाने लिहीत आलो ते सगळं खालच्या चार ओळी लिहायला लागू नयेत म्हणून, उल्का. आता लिहितो.

मला भीती रोगाची आहेच. पण त्याहून जास्त भीती त्या रविवारची आहे, जेव्हा मी बरा होऊन परत येईन, बाकावर बसेन, पेला ओठांना लावीन आणि शेजारच्याच्या हाती देईन. तो खिशात हात घालील. रुमाल काढील, कड पुसेल, पेला फिरवून दुसरीकडून पिईल. आणि तो वाईट माणूस नसेल. सकाळी शिकवण्या करून आलेला, चांगलं बोलणारा, मंडळीने विश्वासाने निवडलेला माणूस असेल तो.

तुझा दादा